चालतं इंजिन

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला ‘रेल्वेतील आठवणी’ असा विषय दिला होता. पण रेल्वेचा माणूस आठवणी सांगायला बसला की त्याची गाडी वेळेवर पोचत नाही, आणि आज आरती साडेआठला आहे असं मला दोनदा बजावण्यात आलं आहे. म्हणून मी एकाच इंजिनाबद्दल बोलणार आहे. ते आपल्या बडोद्याचं नाही. पण त्याची गोष्ट मला सुचली ती बडोद्यातच, माझ्या नातवामुळे.

मागे एका रविवारी त्याला घेऊन प्रतापनगरच्या बाजूला रुळांच्या कडेला उभा होतो. एकता नगरहून अहमदाबादला जाणारी ती नवी हेरिटेज गाडी आली. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ही गाडी सुरू झाली, आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पुढे काळं इंजिन, धुराडं, गोल पोट, सगळा थाट जुना. नातू ओरडला, “आजोबा, बघा, वाफेचं इंजिन!” मी म्हटलं, “बाळा, हे वाफेचं नाही. रूप वाफेचं आहे, पोटात विजेच्या मोटारी आहेत.” तो हिरमुसला. मग म्हणाला, “म्हणजे गणपतीच्या देखाव्यातल्यासारखं? मग खरं कुठे असतं?”

देखाव्याला मी नावं ठेवत नाही. गाडी देखणी आहे, माणसं हौसेने बसतात, धूर नाही, काजळी नाही. पण मुलाचा प्रश्न खरा होता. खरं कुठे असतं? आणि खऱ्यात असं काय असतं, जे या रूपात नाही?

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी आधी आपल्या घरचं सांगतो. १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम असा अडीच फुटी रूळ टाकला आणि त्यावर गाडी ओढायला बैल जोडले. पुढच्या वर्षी विलायतेहून इंजिनं आली, पण रूळ हलके पडले. मजबूत रूळ टाकून वाफेची गाडी नियमित धावू लागली ती १८७३ साली. डभोई हे पुढे छोट्या गाड्यांचं मोठं गाव झालं. माझे वडील, अण्णा, त्या छोट्या गाडीवर ड्रायव्हर होते. मी शेडमध्ये फिटर म्हणून लागलो तेव्हा वाफेचे शेवटचे दिवस चालू होते. पुढे डिझेल आलं आणि माझी बाकीची नोकरी डिझेलवर झाली. म्हणजे मी वाफ पाहिली आहे, हाताळली आहे, पण तिचं पुरतं शिक्षण व्हायच्या आत ती गेली. हे लक्षात ठेवा, शेवटी मी याच्याकडे परत येणार आहे.

आता ते इंजिन. त्याचं नाव फेअरी क्वीन.

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलं आहे. साहिब, सिंध आणि सुलतान अशा तीन इंजिनांनी ती ओढली. त्या तिघांपैकी एकही आज उरलेलं नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ साली, इंग्लंडात लीड्स इथे किट्सन, थॉम्पसन अँड ह्युइट्सन यांच्या कारखान्यात एक इंजिन बनलं आणि बोटीने कलकत्त्याला आलं. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला नंबर दिला २२. फेअरी क्वीन हे नाव बऱ्याच नंतर, १८९५ साली पडलं. हावडा ते राणीगंज या मार्गावर ते हलक्या टपाल गाड्या ओढत असे. १८५७ च्या धामधुमीत सैन्य वाहून नेण्याच्या कामीही लागलं. मग मोठी इंजिनं आली आणि याची रवानगी बिहारात नवे रूळ टाकण्याच्या कामावर झाली. १९०९ साली ते निवृत्त झालं. म्हणजे चोपन्न वर्षं नोकरी. आपण साठाव्या वर्षी निवृत्त होतो, हे तर जन्मल्या दिवसापासून कामाला लागलेलं.

पुढे चौतीस वर्षं ते हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं होतं. १९४३ साली उत्तर प्रदेशात चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेलं, मुलांना दाखवायला. १९७२ साली सरकारने त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, आणि दिल्लीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडलं तेव्हा ते तिथे येऊन उभं राहिलं. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ जुन्या इंजिनांची असते. रंग द्यायचा, पितळ घासायचं, पाटी लावायची, फोटो काढायचा.

पण १९९७ साली हे इंजिन चौथऱ्यावरून उतरलं. मद्रासच्या पेरांबूर कारखान्यात ते दुरुस्त झालं आणि १८ जुलै १९९७ ला, अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, मुख्य मार्गावर स्वतःच्या वाफेवर धावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून दिल्ली कँटोन्मेंट ते अलवर अशी, १४३ किलोमीटरची, प्रवाशांसाठी त्याची गाडी सुरू झाली. १९९८ साली गिनीज बुकाने नोंद केली, नियमित सेवेत असलेलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून.

अठ्ठ्याऐंशी वर्षं उभं असलेलं इंजिन चालू करणं म्हणजे काय, ते थोडं सांगतो. महिला मंडळाच्या भगिनींनी कंटाळू नये, कारण मी आपल्या न्हाणीघरातल्या बंबापासून सुरुवात करणार आहे.

तांब्याचा बंब आठवतो ना? मधोमध नळी, तिच्यात खाली जाळ, भोवती पाणी. जाळ नळीतून वर जातो आणि जाता जाता पाणी तापवतो. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा झोपवलेला बंब. फरक एवढाच की एका नळीच्या जागी डझनावारी नळ्या, मोठ्या इंजिनात शंभराहून जास्त, आणि वरून झाकण घट्ट बंद. बंबाचं झाकण उघडं असतं म्हणून वाफ निघून जाते. इथे ती कोंडते, दाब वाढतो, आणि तो दाब सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलतो. दट्ट्याचा दांडा चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते, आणि पडताना आपल्याबरोबर भट्टीतला धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीला आपोआप वारा मिळतो. लहानपणी आपण जी ‘झुकझुक’ म्हणायचो, ती हीच. इंजिन जितकं जोराने ओढेल तितकी त्याची भट्टी जोराने पेटते. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना मी पुढे डिझेलमध्ये पाहिली नाही.

फेअरी क्वीनचं वजन सुमारे २६ टन. ओढणारी चाकं दोनच, पण सहा फूट उंचीची, उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत येणारी. चाक मोठं म्हणून चाल चांगली, पण ओढणारी जोडी एकच म्हणून ताकद बेताची. मागे एक-दोन डबेच पेलतात. वेग तासाला ४० किलोमीटरपर्यंत. पाण्याची टाकी पोटाखाली, जेमतेम ३,००० लिटरची. तेवढं पाणी अलवरपर्यंत कुठून पुरणार? जुन्या काळी स्टेशना-स्टेशनांवर पाण्याचे उंच नळ असत, ते आता बहुतेक ठिकाणी गेले. म्हणजे गाडी चालवायची तर वाटेत पाण्याची सोय आधी करून ठेवावी लागते.

आणि मुख्य भीती बॉयलरची. पत्रा आतून गंजून कुठे पातळ झाला आहे, हे बाहेरच्या चकचकीत रंगावरून कळत नाही. म्हणून जुना बॉयलर आधी थंड्या पाण्याने काठोकाठ भरून दाब देऊन तपासतात. पाणी दाबलं तरी फारसं दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटलाच तर पाणी गळेल, स्फोट होणार नाही. त्यातून पास झाला तरच वाफ. भट्टीच्या छतावर कायम पाणी असावं लागतं. ते कमी झालं तर छताचा पत्रा लाल होऊन बसतो आणि मग आत असलेल्यांचं काही खरं नसतं. त्यासाठी छतात शिशाचा एक प्लग बसवलेला असतो. पाणी उतरलं की तो वितळतो आणि वाफ भट्टीत घुसून ड्रायव्हरला सावध करते. चाकांवरच्या पोलादी पट्ट्या तापवून, फुगवून चढवतात आणि निवताना त्या घट्ट बसतात. आपल्या गाडीवाटेचा सुतार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो, अगदी तस्सं.

आता यात दुकानात मिळणारी एकही वस्तू नाही. प्रत्येक भाग मोजून, नकाशा काढून, घडवून घ्यायचा.

हे सगळं झालं तरी इंजिन चालत नाही. इंजिन माणसं चालवतात, आणि मला खरं बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

वाफेचं इंजिन बटण दाबून चालू होत नाही. आदल्या रात्रीच भट्टी पेटवावी लागते, बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, घाई केली तर पत्रे ताणले जाऊन सांधे गळू लागतात. कोळसा भट्टीत नुसता फेकायचा नसतो, पसरायचा असतो, पातळ आणि सारखा. कोणत्या बाजूला निखारा मंदावला ते उजेडाच्या रंगावरून ओळखायचं. पुढे चढ आहे, तर पाणी आणि आग आधीच तयार ठेवायची. या सगळ्याची पुस्तकं आहेत, मी वाचली आहेत. पुस्तक वाचून पोहायला जितकं येतं तितकंच हे येतं.

आता तारखांकडे लक्ष द्या. आपल्याकडे ब्रॉडगेजसाठी वाफेचं शेवटचं इंजिन बनलं ते चित्तरंजनला १९७० साली, त्याचं नावच ‘अंतिम सितारा’. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी धावली ६ डिसेंबर १९९५ ला. आणि फेअरी क्वीन उठली जुलै १९९७ मध्ये. मध्ये अवघं दीड वर्ष. म्हणजे ज्यांनी उभी हयात भट्टीसमोर घालवली अशी माणसं अजून कामावर होती, किंवा नुकतीच घरी बसली होती. बोलावलं असतं तर दुसऱ्या दिवशी आली असती. मी एकदा दिल्ली कँटोन्मेंटला ही गाडी सुटताना मुद्दाम जाऊन पाहिली. सगळे लोक इंजिनाचे फोटो काढत होते. मी फावडं मारणाऱ्याचा हात बघत होतो. डाव्या कोपऱ्यात एक, उजव्या कोपऱ्यात एक, दाराशी एक, आणि दार बंद. तो हात मी ओळखला. आमच्या शेडमधल्या जुन्या फायरमनांचा हात तसाच चालायचा.

तेच वीस वर्षांनी ठरवलं असतं तर? लोखंड होतं तसंच राहिलं असतं. हात राहिले नसते.

ही नुसती शंका नाही. वाफेचं माहेर म्हणजे इंग्लंड. तिथे ए-वन वर्गाची ४९ इंजिनं होती, १९६६ पर्यंत सगळी भंगारात गेली. मग हौशी लोकांनी वर्गणी काढून पन्नासावं इंजिन नव्याने बांधायचं ठरवलं, १९९४ साली कामाला लागले आणि २००८ साली ते ‘टॉर्नेडो’ वाफेवर चाललं. चौदा वर्षांची चिकाटी, तिला दाद दिलीच पाहिजे. पण त्याचा बॉयलर कुठून आला? जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यातून. ज्या देशाने सगळ्या जगाला इंजिनं विकली, त्याच्या नव्या इंजिनाचा बॉयलर परदेशात घडला. मायनिंगेनला तो बनू शकला, कारण तिथलं वाफेच्या इंजिनांचं काम कधी थांबलं नव्हतं. एवढंच कारण.

फेअरी क्वीनवरही पुन्हा संकट आलं. २०११ साली तिची मोडतोड झाली, भाग चोरीला गेले. भंगारवाल्याला त्या पितळेचे वजनावर किती मिळाले असतील, देव जाणे. इंजिन पुन्हा पेरांबूरला गेलं. पण या वेळी तिथे एक अनुभव हाताशी होता. तिची जोडीदारीण, २१ नंबरची ‘एक्स्प्रेस’, तीही १८५५ ची, तीही १९०९ पासून उभी, पेरांबूरच्याच कारागिरांनी २०१० साली चालू केली होती. तिकडे हरियाणात रेवाडीला १८९३ सालची जुनी शेड रेल्वेने वाफेसाठीच राखून ठेवली आहे. तिथे ‘अकबर’, ‘आझाद’ अशी इंजिनं जिवंत आहेत आणि त्यांच्यावर नवी मुलं भट्टी शिकतात. म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच वर्षांच्या खंडानंतर फेअरी क्वीन दिल्ली कँटोन्मेंटहून रेवाडीला पुन्हा धावू शकली. वय वर्षं एकशे बासष्ट.

काही लोक विचारतात, इतके भाग बदलले, मग ते जुनं इंजिन कसलं? मी त्यांना आपल्या गणपतीकडे बोट दाखवतो. मूर्ती दर वर्षी नवी आणतो, विसर्जनही करतो. मांडवाचं कापड नवं, दिवे नवे. तरी उत्सव आजोबांच्या वेळचाच म्हणतो, कारण आरती त्याच चालीवर म्हटली जाते आणि ती म्हणणाऱ्याने कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकलेली असते. इंजिनाचंही तसंच. नळी नवी असू दे, ती बसवणाऱ्याने जुन्या हाताखाली बसवायला शिकलं असलं म्हणजे झालं.

आता सुरुवातीला म्हटलं होतं तिथे येतो.

आमच्या अण्णांना कानाने इंजिन कळायचं. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं इंजेक्टर नावाचं एक साधन असतं, ते नीट चालू लागलं की एक बारीक सूर धरतं. अण्णा पाठ करून उभे असले तरी सांगायचे, “गातंय, असू दे,” किंवा “बेसूर झालं, बंद कर.” पावसाळ्यात ओला कोळसा यायचा, बाकीच्यांची वाफ पडायची, अण्णांची पडत नसे. ते काय करत, मला माहीत नाही. मी त्याच घरात जेवत होतो, त्याच शेडमध्ये काम करत होतो, निवृत्तीनंतर ते चौदा वर्षं आमच्या ओट्यावर बसून होते, आणि मी त्यांना विचारलं नाही. वाटायचं, विचारू कधीतरी. शिवाय डिझेल आलं होतं, आता याचा उपयोग काय, असंही वाटायचं. त्यांची टोपी माझ्याकडे आहे, घड्याळ आहे, बत्ती आहे. काच पुसून ठेवली आहे. पण ओल्या कोळशाचं ते अण्णांबरोबर गेलं, आणि ते मला आता कोणत्याही संग्रहालयात मिळणार नाही.

म्हणून नातवाला मी शेवटी जे उत्तर दिलं ते सांगतो. खरं इंजिन ते, ज्याला चालवणारा माणूस अजून आहे. तो नसेल तर असली लोखंडही देखावाच.

आपण चार-चार, पाच-पाच पिढ्या गुजरातेत राहिलेली मराठी माणसं. घराघरांत पितळी बंब आहेत, पैठण्या आहेत, मोडीतले कागद आहेत. नीट जपले आहेत, चौथऱ्यावर. पण आजीशी नातू मराठीत भांडतो का? उकडीची पारी सुनेला आजीच्या हाताखाली वळता आली का? मला उपदेश करायचा अधिकार नाही, माझं मी आत्ताच कबूल केलं आहे. फक्त दीड वर्ष आणि वीस वर्षं यातला फरक सांगतो आहे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. छोट्या गाडीवर, शेडमध्ये, स्टेशनात काम केलेली काही माणसं अजून आपल्यात आहेत. आज समोरच्या रांगेतही दोघे बसले आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत मंडळाच्या मुलांनी मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जावं आणि बोलतं करावं. मुलाखत वगैरे नको. भट्टी कशी लावायची, हात कसा फिरवायचा, कोणता आवाज आला की घाबरायचं, एवढंच विचारावं आणि करून दाखवायला सांगावं. शेडमधली भाषाही जशीच्या तशी येऊ द्यावी, अर्धी मराठी, अर्धी गुजराती आणि मोडकी इंग्रजी. आणि मंडळाची सहल नेहमी देवदर्शनाला जाते, ती एकदा रेवाडीला न्यावी. मुलांना भट्टीची धग चेहऱ्यावर लागू द्यावी. कपडे काळे होतील, त्याबद्दल आयांनी आधीच माफ करावं.

नातवाला मी कबूल केलं आहे, त्याला मी नेणार आहेच. तिथल्या एखाद्या फायरमनला मी ओल्या कोळशाचं विचारणार आहे. कोण जाणे, अण्णांचं उत्तर तिथे कोणाच्या तरी हातात असेल.

साडेआठ व्हायला चार मिनिटं आहेत. गाडी वेळेवर आली, याची कार्यकर्त्यांनी नोंद घ्यावी.

गणपती बाप्पा मोरया!